‘टेन्शन आहे’ म्हणून सोडून देऊ नका : चिंतेचा भार थेट हृदयावर, चोरखमाऱ्यासारख्या गावांनी काय ओळखावं?

तिरोडा : चोरखमारा हे गाव बाहेरच्या पर्यटकाला दोन गोष्टींसाठी माहीत आहे. एक तिथला तलाव आणि दुसरं नागझिरा जंगलात जाणारं सफारीचं गेट. गावातल्या माणसाचा हिशेब मात्र वेगळा असतो. धान लोंबीवर आला की रानडुकरं बांधीत शिरतात, म्हणून रात्रीची जागल. कापणीच्या तोंडावर आभाळ भरून आलं की कडपा भिजायची भीती. धान केंद्रावर गेला तरी चुकारे कधी येतील, सोसायटीचं कर्ज कसं फिटेल, हा घोर. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्यासाठी पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईच्या घरच्यांचा जीव ती परत येईपर्यंत टांगलेलाच.

या सगळ्याला गावात एकच शब्द आहे, टेन्शन. ‘टेन्शन कोणाला नाही?’ असं म्हणून विषय तिथेच संपतो. पण वैद्यकशास्त्र गेल्या काही दशकांत दुसरंच सांगू लागलं आहे. महिनोन् महिने चालणारी चिंता ही फक्त मनाची गोष्ट राहत नाही. ती रक्तदाबात, झोपेत आणि शेवटी हृदयात उतरते. म्हणून तिच्याकडे बीपी किंवा शुगरसारखंच, म्हणजे मोजायची आणि कमी करायची गोष्ट म्हणून पाहायला हवं.

शरीरात नेमकं काय होतं?

समोर जनावर आलं की माणसाच्या अंगात एका क्षणात बदल होतो. ॲड्रेनालिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं, हृदय जोरात धडधडतं, बीपी चढतो, श्वास वाढतो, हातपाय पळायला तयार होतात. ही निसर्गाची सोय आहे. धोका टळला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं. अशा भीतीने धडधाकट हृदयाचं सहसा काही बिघडत नाही.

अडचण होते ती धोका टळतच नाही तेव्हा. कर्जाची, पिकाची, मुलीच्या लग्नाची, मुलाच्या नोकरीची काळजी रात्री अंथरुणातही सोबत असते. शरीराला वाघ आणि बँकेची नोटीस यांतला फरक कळत नाही. दोन्हींना ते तशीच तयारी करून उत्तर देतं. मग जू न सोडलेल्या बैलासारखं हृदय दिवसरात्र ओढत राहतं. बीपी वरच्या अंगाला राहू लागतो, रक्तवाहिन्या आखडतात, रक्तात गुठळी धरण्याची प्रवृत्ती वाढते. कॉर्टिसॉल हे दुसरं द्रव्य सतत जास्त राहिलं तर साखर आणि पोटाची चरबी वाढायला मदत होते.

याशिवाय आणखी एक वाट आहे, आणि खेड्यात तीच जास्त चालते. चिंतेतला माणूस झोपत नाही, खर्रा जास्त खातो, संध्याकाळी दारूकडे वळतो आणि बीपीची गोळी घ्यायला विसरतो. म्हणजे चिंता हृदयावर स्वतः घाव घालते आणि बाकीच्या वाईट सवयींनाही घरात बोलावते.

जगभरातले आकडे काय सांगतात?

२००४ साली ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतल्या हजारो लोकांची त्यात पाहणी झाली होती आणि भारतही त्यात होता. पहिल्यांदा हार्ट अटॅक आलेल्यांची तुलना त्याच वयाच्या धडधाकट माणसांशी केली गेली. अटॅकच्या धोक्याचा ९० टक्क्यांहून जास्त वाटा फक्त नऊ गोष्टींत सापडला. तंबाखू, बीपी, शुगर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, खाणंपिणं, व्यायामाचा अभाव आणि दारू या यादीत अपेक्षित होत्या. नववी गोष्ट होती मनावरचा ताण. घरी किंवा कामावर कायमचा ताण असल्याचं सांगणाऱ्यांमध्ये अटॅकचा धोका दुपटीच्या थोडा वर निघाला.

२०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी खास चिंतेवर झालेले २० अभ्यास एकत्र केले. त्यात सुमारे अडीच लाख माणसं होती. सुरुवातीला हृदयरोग नसलेल्या, पण चिंता जास्त असलेल्या माणसांना पुढे हृदयरोग होण्याचा धोका २६ टक्क्यांनी जास्त आढळला. हा आकडा नीट समजून घ्यावा. समजा शांत स्वभावाच्या १०० जणांपैकी १० जणांना पुढे हृदयरोग होणार असेल, तर चिंतेत जगणाऱ्या १०० जणांपैकी साधारण १२-१३ जणांना होईल. म्हणजे चिंता करणाऱ्या प्रत्येकाला अटॅक येतो असं अजिबात नाही. पण गावोगावी माणसं मोजली तर हे दोन-तीन जास्तीचे जीव थोडे नाहीत.

अचानक बसलेल्या धक्क्याचाही पुरावा आहे. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात भूकंप झाला. तिथे हृदय बंद पडून अचानक होणारे मृत्यू रोज सरासरी पाचच्या आत असत, त्या एका दिवशी ते २४ झाले. जपानी डॉक्टरांनी तर मोठ्या दुःखाने किंवा भीतीने हृदयाचा आकारच काही काळ बदलतो, असा आजार १९९० च्या सुमारास नोंदवला. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखं हृदय फुगलेलं दिसतं, म्हणून त्याचं नाव ‘ताकोत्सुबो’. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात. हा आजार पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो. ‘धसका घेतला’ हा आपल्याकडचा जुना शब्द अगदीच हवेतला नाही, एवढं यातून दिसतं.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. अटॅक आल्यावर माणसाला मागचा ताण जास्त आठवतो. शिवाय चिंता, तंबाखू आणि गरिबी बहुतेक वेळा एकाच घरात राहतात, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे पूर्ण वेगळं करणं अवघड जातं. तरी वेगवेगळ्या देशांतले आणि वेगवेगळ्या पद्धतीचे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर ते उडवून लावण्यासारखं राहत नाही.

खर्रा आणि टेन्शन : दोघांचं वजन जवळपास सारखंच

पूर्व विदर्भात ‘टेन्शन आलं’ याचं पुढचं वाक्य बहुतेक वेळा ‘एक खर्रा घोट’ असंच असतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर मिळतोच. खर्रा खाल्ल्यावर बरं वाटतं, हे खरं. पण ते बरं वाटणं बहुतेक वेळा तलफ भागल्याचं असतं. निकोटिन हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवतं, म्हणजे चिंता जे करते तेच. तलफ उतरली की अस्वस्थपणा परत येतो आणि माणसाला वाटतं टेन्शन वाढलं. मग पुन्हा खर्रा.

‘इंटरहार्ट’च्याच माहितीवरून २००६ मध्ये तंबाखूचा हिशेब मांडला गेला. तंबाखू नुसती चघळणाऱ्यांमध्येही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला. कायमच्या ताणाचा आकडाही जवळपास तेवढाच होता. गावात खर्रा वाईट आहे हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, खाणारा खातो ही गोष्ट वेगळी. पण कायमची चिंताही जवळपास तेवढीच जड असू शकते, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि ज्याच्याकडे दोन्ही आहेत, त्याने तर बीपी मोजून घ्यायलाच हवा.

शेजारच्या गडचिरोलीतून दोन धडे

हा विषय मोठ्या शहरातल्या साहेबलोकांचा, असं समजायचं कारण नाही. गडचिरोलीत आयुष्यभर काम केलेले डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. स्वतः डॉक्टर, राहणं शहराच्या धावपळीपासून दूर, तरीही. त्यानंतर त्यांनी आपल्या आजाराचा शोध घेतला आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. ते २००० साली आलं आणि महाराष्ट्रात घरोघरी वाचलं गेलं. जेवण आणि व्यायामाइतकंच मनावरच्या ताणाकडेही त्यांनी त्यात लक्ष वेधलं.

दुसरा धडा त्यांच्याच ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासातून येतो. २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतल्या ८६ गावांमधले मृत्यू तपासले गेले. सर्वांत जास्त मृत्यू लकव्याच्या झटक्याने झालेले निघाले, दर सातपैकी एक. आणि बहुतेक माणसं दवाखान्यात नाही, घरीच गेली. लकवा आणि हार्ट अटॅक ही एकाच घरातली भावंडं आहेत, दोघांचं मोठं कारण न मोजलेला किंवा आटोक्यात न ठेवलेला बीपी. धान, जंगल, खर्रा आणि लांबचा दवाखाना हे चित्र गडचिरोली आणि गोंदियात फारसं वेगळं नाही.

गॅस, टेन्शन की अटॅक?

चिंता आणि हृदय यांच्या गोंधळात जीव जातो तो इथे. चिंतेचा जोराचा झटका, ज्याला डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात, तो आणि हार्ट अटॅक दिसायला सारखे असतात. दोन्हींत छातीत दाटतं, धडधड होते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही आणि ‘आता मी जातो’ असं वाटतं. पॅनिक अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो. हातापायाला मुंग्या येतात. हार्ट अटॅकमध्ये छातीवर दाब आल्यासारखं वाटतं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते, आणि बसून राहिलं तरी जात नाही.

पण हा फरक घरी बसून ठरवायचा नसतो. शुगरच्या रुग्णाला अटॅक येऊनही छातीत दुखत नाही, असं होतं. बायकांमध्ये कित्येकदा नुसता दम लागणं, मळमळ, पाठदुखी किंवा फार थकवा एवढंच दिसतं. अशा बाईला ‘रोवणीचा थकवा आहे’, ‘उगाच टेन्शन घेते’ किंवा ‘बाहेरचं काही लागलं’ म्हणून घरीच ठेवलं जातं. गॅसची गोळी, सोडा, झाडफूक यात दोन-चार तास निघून जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं हृदय वाचतं. १२ तास उलटले की त्याचा उपयोग फारसा राहत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवावा. छातीत पहिल्यांदा दाटलं तर आधी ईसीजी, मग टेन्शनची चर्चा. तिरोड्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे लवकर गाठता येईल ते गाठावं. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे. रुग्णाला चालवू नये आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणं होईल तितकं टाळावं. पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबावं, कारण काही अटॅक दुसऱ्या ईसीजीत किंवा रक्ताच्या तपासणीतच दिसतात.

उलट बाजूही आहे. ईसीजी चांगला, रक्त तपासणी चांगली, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी धडधड होते, असे रुग्णही कमी नाहीत. ते एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, तिरोड्याहून गोंदियाला, तिथून नागपूरला फिरतात. सलाईन लावून घेतात, पैसा जातो, आजार तसाच राहतो. त्यांच्या धडधडीमागे रक्त कमी असणं किंवा थायरॉइड असू शकतं. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यामुळे हिमोग्लोबिन तपासणं महत्त्वाचं. तेही ठीक निघालं तर तो चिंतेचा आजार असू शकतो. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे आणि तो बरा होतो. ‘तुला काही झालं नाही’ असं सांगणं हा त्यावर इलाज नाही, कारण त्रास खराच असतो.

तपासणी होते, पण प्रश्न अर्धाच

सरकारी यंत्रणा काहीच करत नाही असं म्हणता येणार नाही. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा आशाताई एक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातला बीपी-शुगरचा इतिहास यांचे गुण त्यात मांडले जातात. मग उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी आणि शुगर मोजली जाते आणि गोळ्याही मोफत मिळतात.

याच फॉर्मच्या शेवटी मनाबद्दल दोन प्रश्न आहेत. कामात रस वाटत नाही का आणि उदास, निराश वाटतं का, असे ते आहेत. दोन्ही प्रश्न उदासीनतेचे, म्हणजे डिप्रेशनचे आहेत. ‘सतत काळजी वाटते का, ती थांबवता येत नाही का?’ हा चिंतेचा साधा प्रश्न त्यात नाही. शेतीची चिंता असलेला माणूस उदास असेलच असं नाही. तो कामाला जातो, बोलतो, हसतो, फक्त रात्री झोपत नाही. तो या चाळणीतून खाली निघून जातो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर दहा प्रौढांपैकी साधारण एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार दिसला होता आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, पण तो मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी होता. धानपट्टा त्या यादीत नव्हता. आत्महत्येचा आकडा मोठा झाल्यावरच चिंतेची दखल घ्यायची, असा त्याचा अर्थ होतो. बीपीने किंवा अटॅकने गेलेला शेतकरी त्या आकड्यात येतच नाही.

जागतिक हृदय दिन २९ सप्टेंबरला आणि जागतिक मानसिक आरोग्य दिन १० ऑक्टोबरला. मध्ये अकराच दिवस. नेमका तेव्हा हलका धान कापणीला आणि भारी धान लोंबीवर असतो, म्हणजे घोर वाढायचे दिवस. तरी दोन दिवसांचे कार्यक्रम वेगळे, पोस्टर वेगळी. एकाच माणसाच्या छातीत आणि डोक्यात जे चाललं आहे, त्याची दोन टेबलांवर वाटणी होते.

चिंतेचं कारण घराबाहेर असेल तर?

‘योग करा, टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्याचे धानाचे पैसे अडकले आहेत, त्याला लांब श्वास घेऊन किती बरं वाटणार? चिंतेचं मूळ जिथे आहे तिथेही हात घालावा लागतो, आणि त्यातलं बरंच काही प्रशासनाच्या हातात आहे.

नागझिरा हा डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या, एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आली. जंगलासाठी ही चांगली गोष्ट आहे. जंगलालगतच्या गावाला मात्र वाघ कुठे फिरतो याची खबर वेळेत मिळणं, पीकनुकसानीचा पंचनामा लवकर होणं आणि भरपाई कधी येईल ते कळणं, यावर झोप अवलंबून असते. रात्री वीज मिळते म्हणून अंधारात मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली, तर ती सोय फक्त पिकाची नाही, त्याच्या हृदयाचीही आहे. चुकाऱ्याची आणि बोनसची तारीख आधी सांगून पाळली गेली, तर कितीतरी घरांतली रात्र शांत जाईल. माणसाला संकटापेक्षा ‘कधी होईल ते माहीत नाही’ हे जास्त पोखरतं.

गावात आजपासून काय करता येईल?

सगळं सरकारवर सोडूनही चालणार नाही. काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत.

३० वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी बीपी मोजावा. खर्रा खाणारे, शुगरवाले आणि जागलीवर जाणारे यांनी तीन महिन्यांनी. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नये.

जागल एकाच माणसाने रोज करू नये. शेजारच्या बांध्यांनी पाळी लावली तर प्रत्येकाला आठवड्यातून चार-पाच रात्री पुरती झोप मिळते. झोप हे फुकटचं औषध आहे.

दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, सतत धडधड, चिडचिड, काळजी असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणजे माणूस वेडा ठरत नाही.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी त्याच्या मनाकडेही पाहावं. त्यानंतर कित्येकांना पुन्हा अटॅक येईल ही भीती खात राहते. काही जण अंथरूण सोडत नाहीत, काही भीतीपोटी तपासणीलाच जात नाहीत. डॉक्टरला ‘याला झोप लागत नाही, हा घाबरतो’ एवढं सांगितलं तरी इलाजाची दिशा बदलते. एन्जिओप्लास्टीसारखा मोठा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, त्यामुळे पैशाच्या भीतीने तपासणी टाळू नये.

आणि ग्रामसभेत एक मागणी ठेवता येईल. उपकेंद्रावर बीपी मोजताना बीपीच्या आकड्याशेजारी आणखी एक प्रश्न लिहावा : ‘झोप लागते का, काळजी थांबते का?’ त्यासाठी नवीन मशीन लागत नाही, नवीन इमारत लागत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तर गोंदियाला मानसोपचार विभागात चिठ्ठी द्यावी किंवा तिथूनच १४४१६ लावून द्यावा. ज्याचा बीपी वर आहे आणि झोपही उडाली आहे, त्याच्या घरी आशाताईंची पुढची फेरी लवकर व्हावी.